जीपगाडीच्या डिफरन्शियलला कुलूप कोणते?

पावसाळ्यात रुतलेली जीपगाडी तुम्ही पाहिली असेल. एक चाक गरगर फिरून चिखल उडवते. कोरड्या दगडावरचे दुसरे चाक जागचे हलत नाही. बघे म्हणतात, "सगळा जोर फिरणाऱ्या चाकाला गेला." हे विधान मला वर्गातही ऐकू येते, आणि ते चूक आहे. याच समजुतीवर विसंबून डिफरन्शियलला कुलूप, म्हणजे लॉक, बसवणारे पुष्कळ आहेत. पैसे जातात ते जातातच, प्रसंगी गाडी घसरते ती वेगळीच. म्हणून हा लेखनप्रपंच.

गाडी वळताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते. दोन चाकांतील अंतर 1.3 मीटर धरा. घाटातल्या उलट्या वळणावर, म्हणजे 180 अंशांत, बाहेरचे चाक सुमारे 4 मीटर जास्त धावते. वळण ऐसपैस असो की आखूड, हा फरक तेवढाच! (का, ते कागदावर मांडून पाहा.) डिफरन्शियलची दंतचक्रे हा फरक सांभाळतात, परंतु त्यांची एक अट असते. दोन्ही चाकांना मिळणारा पीळ, म्हणजे टॉर्क, सारखाच राहतो. फिरणाऱ्या चाकाकडे शक्ती जाते हे खरे, कारण शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग. पण टॉर्क दोघांना समान, आणि तो ठरतो कमी पकड असलेल्या चाकावरून.

आता आकडे घेऊ. 1985 साली आलेली मारुती जिप्सी माणसांसह 1,200 किलोग्रॅम धरली, तर प्रत्येक चाकावर अंदाजे 300 किलोग्रॅम-भार येतो. फक्त मागच्या आसाचा विचार करू. एक चाक चिखलात, घर्षणांक 0.1, दुसरे दगडावर, घर्षणांक 0.6. चिखलातले चाक 30 किलोग्रॅम-भार एवढेच ढकलू शकते, म्हणून दगडावरचेही 30. एकूण 60. दोन्ही चाके कुलपाने एकमेकांना जखडली की ही अट सुटते, आणि 30 अधिक 180, म्हणजे 210 मिळतात. साडेतीन पट!

कुलूप एकच घ्यायचे तर ते मागच्या आसाला, असे माझे स्पष्ट मत आहे. चढावर भार मागे सरकतो, त्यामुळे पकडही तिथेच वाढते. पुढच्या आसाला कुलूप लावले की गाडी वळायला कुरकुरते.

आणि ते चालकाने हाताने लावायचे असावे. आपोआप लागणारी कुलुपे स्वस्त व सोयीची दिसतात, पण जिप्सीच्या पुढच्या-मागच्या चाकांत जेमतेम 2.4 मीटर अंतर. इतक्या आखूड गाडीला ओल्या घाटात कुलूप लागण्या-सुटण्याचा हिसका चांगलाच जाणवतो. नवशिक्याच्या हाती मी तशी गाडी देणार नाही. फोर्स गुरखा गाडीत चालकाने लावायची कुलुपे असतात. अर्थात डांबरी रस्ता आला की ती आठवणीने काढावी लागतात.

वर्षातून दोनदा शेतावर जाणाऱ्याला मात्र कुलपाची गरजच नाही. भारतात 2023 साली आलेल्या जिम्नीत घसरणाऱ्या चाकालाच ब्रेक लागतो. त्या चाकाला फिरवायला जादा टॉर्क लागू लागतो, आणि अटीप्रमाणे तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. काही शक्ती ब्रेक तापवण्यात जाते, एवढेच.

"मग हँडब्रेक थोडा ओढला तर?" असे तुम्ही विचाराल. तसा सल्ला देणारे अनुभवी चालकही भेटतात. पण हँडब्रेक दोन्ही मागच्या चाकांना सारखाच लागतो. दगडावरच्या चाकाला जेवढा टॉर्क जादा मिळाला, तेवढाच त्याचा स्वतःचा ब्रेक खाऊन टाकतो. हे समीकरण वहीत मांडा आणि उत्तर शिक्षकांना दाखवा.