पाच जणांची ‘प्रभात’

घरात पाच माणसं असली की एकाला पंखा हवा असतो, दुसऱ्याला उघडी खिडकी आणि तिसऱ्याला दोन्ही बंद! मग पाच जणांनी मिळून सिनेमा काढायचा म्हटला तर काय होईल? १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात पाच जणांनी हे धाडस केलं. नाव ठेवलं ‘प्रभात फिल्म कंपनी’. त्यातले चौघं बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले आणि पाचव्याच्या हाती पैसा. म्हणजे संसाराची मांडणी अगदी शास्त्रशुद्ध! चला, मंडळींची ओळख करून घेऊ.

पहिले विष्णुपंत दामले, म्हणजेच दामलेमामा. यंत्र दिसलं की उघडून पाहणाऱ्यांची एक जात असते ना, त्या जातीतले. फरक एवढाच, की यांनी उघडलेलं यंत्र पुन्हा चालायचं. बाबूराव पेंटरांबरोबर कॅमेरा तयार करण्यात यांचा हात होता. पुढे बोलपट आला, तेव्हा आवाजाचं खातंही यांच्याच गळ्यात पडलं.

दुसरे शेख फत्तेलाल. हे साहेबमामा. जन्म कागलचा. नेपथ्याची जबाबदारी यांची. राजवाडा हवा? साहेबमामांना सांगा. देवळाचा गाभारा हवा? तोही साहेबमामांनाच सांगा!

तिसरे केशवराव धायबर. कॅमेऱ्याच्या मागचा माणूस. सिनेमात सगळ्यांचे चेहरे दिसतात, कॅमेरामनचा तेवढा दिसत नाही. घरच्या लग्नाच्या अल्बममध्ये फोटो काढणाऱ्या काकांचं जे होतं, तेच.

चौथे सीतारामपंत कुलकर्णी. व्यवसायाने सराफ. चार कलावंत स्वप्नं पाहत असताना ‘याला किती लागतील?’ हे विचारणारा एक माणूस लागतोच. प्रत्येक घरात असतो. त्याच्याशिवाय महिनाअखेर गाठता येत नाही.

पाचवे शांताराम वणकुद्रे, म्हणजे आपले व्ही. शांताराम. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये शेतकरी झालेला हा तरुण इथे दिग्दर्शक झाला. उत्साह दांडगा. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट केला, तर १९३३ मध्ये थेट रंगीत ‘सैरंध्री’! तिच्या प्रती जर्मनीत तयार झाल्या. रंग मात्र मनासारखे उतरले नाहीत. त्याच वर्षी कंपनी पुण्याला आली.

आता गंमत ऐका. १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ आला. दिग्दर्शक कोण? शांताराम नव्हे, तर आपले दोन्ही मामा! एक यंत्रातला, एक रंगातला. एक दामले, एक शेख. विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले. मुंबईत हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. आपलं काम चोख करणाऱ्या माणसांना थोडी मोकळीक दिली, की काय होतं ते पाहा!

पण पाच जणांचं घर ते. १९३६ मध्येच ‘राजपूत रमणी’ दिग्दर्शित करून धायबर बाहेर पडले. १९४२ मध्ये शांतारामांनीही वेगळी चूल मांडली. ‘राजकमल’ उभी राहिली. १९४५ मध्ये दामलेमामा गेले आणि १९५३ मध्ये ‘प्रभात’ला कुलूप लागलं. शांताराम पुढेही मोठे चित्रपट करत राहिले, पण ते पाच जणांचं ‘प्रभात’ पुन्हा जमलं नाही.

याचा दोष कुणाला द्यायचा? कुणालाच नको. भांडी एकत्र असली की वाजणारच. वाजत असताना स्वयंपाक किती झाला, हे पाहायचं. इथे तर पंगतीच्या पंगती उठल्या!

आणि जागा? ती मोकळी राहिली नाही. १९६० मध्ये पुण्याच्या त्याच आवारात सरकारची चित्रपट शिक्षणसंस्था सुरू झाली. देशभरातली मुलं आजही तिथे कॅमेरा, ध्वनी, नेपथ्य आणि दिग्दर्शन शिकतात. म्हणजे धायबर, दामलेमामा, साहेबमामा आणि शांताराम यांचीच खाती. सीतारामपंतांचं खातं तेवढं प्रत्येकाला पुढे आयुष्यात शिकावं लागतं!