बदल केला, पण कां केला?

गेल्या महिन्यांत एका रात्रीं आमच्या सूनबाई संगणकापुढें बराच वेळ चिंताग्रस्त बसल्या होत्या. कचेरींतील एका प्रोग्रॅममधील एक ओळ निरर्थक दिसत होती. काढावी तर भय, ठेवावी तर काम अडे. लिहिणारे गृहस्थ नोकरी सोडून गेलेले; मागें टिपण काय, तर "दुरुस्ती केली." सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, काय बदललें तें यंत्र दाखवितें. कां बदललें तें कोणीं सांगावें?"

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. लिनस टॉरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं निर्माण केलेलें 'गिट' हें साधन कोणीं, केव्हां, कोणती ओळ बदलली याची नोंद ठेवितें. हेतु मात्र माणसानेंच लिहावयाचा असतो.

तो न लिहिल्यास काय होतें, पाहा. ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या प्रोग्रॅममधील दोन ओळींविषयीं दोष शोधणाऱ्या एका साधनानें तक्रार केली, म्हणून २००६ सालीं डेबियन या प्रणालीसाठीं त्या बंद करण्यांत आल्या. त्यांपैकीं एकीवर गुप्त किल्ल्यांची अनिश्चितता अवलंबून होती. पण तसें तिच्याशेजारीं कोठेंच लिहिलेलें नव्हतें. मे २००८ मध्यें चूक उघडकीस आली. तोंवर एका प्रकारच्या व एका लांबीच्या किल्ल्या फार तर ३२,७६८ च संभवत होत्या. इतक्या तर यंत्र एकामागून एक सहज लावून पाहील. पुढें मूळ प्रोग्रॅममध्यें त्या ओळीवर 'ही काढूं नये' अशी सकारण टीप आली.

आमच्या वाचकांच्या घरांतील जीं मुलें-मुली हा व्यवसाय करितात, त्यांनीं हे नियम पाळावे. एका नोंदींत एकच बदल असावा. तिच्या टिपणाची पहिली ओळ सुमारें पन्नास अक्षरांची. मग एक ओळ कोरी. नंतर कारण, मूळ तक्रारीचा क्रमांक, आणि दुसरा उपाय कां टाकिला तें. ओळ चमत्कारिक दिसत असेल, तर टीप तिच्याशेजारींच हवी. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत पंडितांनीं टाकिलेले पाठही तळटीपांत जपले, ते याच बुद्धीनें.

सूनबाईंनीं अखेर त्या गृहस्थांचा पत्ता काढून विचारलें. ओळ आवश्यकच होती. ती त्यांनीं राहूं दिली, व शेजारीं दोन वाक्यांत कारण लिहून मगच यंत्र मिटलें.