घोषवाक्यांनंतर काय?

दरवर्षी 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. 1966 साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून हा दिवस. आपल्या शाळेतही त्या आठवड्यात घोषवाक्य व चित्रकला स्पर्धा होतात. यंदा पाचवी ते सातवीच्या मुलांची चित्रे आम्ही सभागृहात फिरून पाहिली. जवळजवळ प्रत्येक चित्रात एक कामगार आणि त्याच्या डोक्यावर पिवळे हेल्मेट. चित्रे सुरेख होती, यात वाद नाही. पण ज्यांचे वडील, काका, मामा उद्यमबाग आणि मच्छेच्या फौंड्र्यांत कामाला जातात, त्या मुलांनाही सुरक्षा म्हणजे हेल्मेट एवढेच ठाऊक असावे, हे आम्हाला खटकले. दोष मुलांचा नाही. मोठ्यांनीच तसे शिकवले आहे.

मागे एका पालकसभेनंतर चहा घेताना एका पालकांनी त्यांच्या भट्टीवरचा प्रसंग सांगितला. श्रावणातले दिवस, बेळगावचा पाऊस, आणि भंगाराचा ढीग उघड्यावर. भट्टीत टाकायचे भंगार ओले आहे, आधी सुकवू या, असे ते म्हणाले. सुपरवायझरला माल त्याच दिवशी पाठवायचा होता. भंगार टाकले गेले. लोखंडाचा रस चौदाशे अंशांच्या आसपास तापलेला असतो. त्याच्याखाली पाणी सापडले की क्षणात त्याची वाफ होते आणि त्या वाफेला मूळच्या सुमारे 1700 पट जागा हवी असते. रस उसळून बाहेर पडला. चहाची सुट्टी असल्याने त्या बाजूला कोणी नव्हते. कोणाला इजा नाही, म्हणून नोंदही नाही. नोंद झाली ती एकच : ‘काम अडवले’ म्हणून या गृहस्थांचा अर्धा दिवस कापला गेला.

हा प्रसंग आमच्या मनातून जात नाही. तेथे प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट असते तरी काय झाले असते? तेथे हवे होते भंगारावर पत्र्याचे छप्पर, भट्टीत टाकण्यापूर्वी माल सुकवण्याची सोय, आणि ‘थांबा’ म्हणणाऱ्याचे ऐकून घेणारा माणूस. सुरक्षेच्या शास्त्रात उपायांचा क्रम ठरलेला आहे. आधी धोकाच काढून टाका. ते जमत नसेल तर कमी धोक्याची वस्तू वापरा. मग यंत्राला आडोसा करा, धूळ ओढून घेणारा पंखा बसवा. मग कामाची पद्धत बदला. हेल्मेट, मास्क, हातमोजे यांचा नंबर सर्वांत शेवटी. आपल्याकडे मात्र सुरुवात शेवटून होते, कारण हेल्मेट स्वस्त असते आणि फोटोत दिसते.

धुळीचे तर याहून वाईट. साचा फोडताना आणि कास्टिंग घासताना वाळूची जी धूळ उडते, तिच्यातला घातक भाग डोळ्यांना दिसतही नाही. तो फुफ्फुसात खोलवर जाऊन बसतो. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही आणि अशा माणसाला क्षयाचा धोकाही वाढतो. तोंडाला बांधलेला रुमाल ती धूळ अडवत नाही. ब्रिटनने कास्टिंग साफ करण्यासाठी वाळूचा मारा करणे 1949 च्या नियमांनी बंद केले. मास्क वाटून ते थांबले नाहीत, त्यांनी वाळूच काढून घेतली. भट्टीचा अपघात निदान दिसतो. हा आजार वीस-वीस वर्षांनी घरी येतो, तेव्हा मालकही बदललेला असतो.

कायदा यात मुका नाही. भोपाळमध्ये 1984 च्या वायुगळतीपूर्वी, डिसेंबर 1981 मध्येच त्या कारखान्यात फॉस्जीनने एका कामगाराचा बळी घेतला होता. पत्रकार राजकुमार केसवानी 1982 पासून धोक्याचे इशारे छापत होते. कोणी ऐकले नाही. त्यानंतर 1987 साली कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन कामगारांचे प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आली आणि धोका दिसताच सांगण्याचा कामगाराचा हक्क लिहिला गेला. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही तो हक्क आहे. पण समिती, सुरक्षा अधिकारी या गोष्टी मोठ्या कारखान्यांच्या. पंधरा माणसांच्या शेडपर्यंत त्या पोचत नाहीत, आणि आपले बरेच पालक अशाच शेडमध्ये आहेत. काही पालक तर स्वतः अशा शेडचे मालक आहेत. हे लिहिताना तेही आमच्या डोळ्यांपुढे आहेत.

त्यांची अडचण आम्ही जाणतो. ऑर्डर उशिरा गेली तर पुढची मिळत नाही. पण आम्ही सांगतो त्याला फार पैसा लागत नाही. दाराशी एक वही ठेवावी. थोडक्यात टळलेला प्रत्येक प्रसंग तीत लिहावा, लिहिणाऱ्याचा पगार कापू नये, आणि शनिवारी मालकाने स्वतः ती वाचून काय केले ते त्याच पानावर लिहावे. रिकामी वही पाहून कोणी खूश होऊ नये. रिकाम्या वहीचा अर्थ बहुधा लोक लिहायला भितात, एवढाच असतो.

दुसऱ्याला सांगताना शाळेचेही सांगायला हवे. शाळाही कामाचीच जागा आहे. यंदा सुरक्षा सप्ताहाचा फलक लावायला आमचे शिपाईमामा टेबलावर स्टूल ठेवून चढले होते. स्टूल हलले, त्यांनी खिडकीचा गज धरला म्हणून निभावले. खाली उभे राहून ‘थोडा डावीकडे घ्या’ म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. शिडी मागितली होती का, असे नंतर विचारले, तेव्हा मामा म्हणाले, ‘‘दोन वर्षं झाली सर, मागून मागून सोडून दिलं.’’

शिडी आता आली आहे. कार्यालयाबाहेर वहीही टांगली आहे. शिक्षक, शिपाई, सफाईच्या मावशी आणि मुले, कोणीही लिहावे. पहिल्या पानावर स्टुलाची नोंद आम्ही केली आहे. दुसरी एका आठवीतल्या मुलीची आहे : प्रयोगशाळेतल्या ॲसिडच्या बाटलीचे लेबल वाचता येत नाही. पुढच्या वर्षी 4 मार्चला सभागृहात चित्रांशेजारी ही वहीही ठेवावी, असे आम्ही मुख्याध्यापकांना सुचवले आहे. तोवर लेबल बदललेले असेल.