३.१ टक्क्यांचा लघुग्रह: तो आकडा आधी वाढला का आणि मग गायब कुठे झाला?

फेब्रुवारी २०२५ मध्ये तुमच्या फॅमिली ग्रुपवर एक नकाशा आला असेल. त्यावर प्रशांत महासागरापासून बंगालच्या उपसागरापर्यंत ओढलेला लाल पट्टा, पट्ट्यात मुंबईचं नाव आणि खाली २०३२ साली लघुग्रह आदळणार अशा अर्थाचा मजकूर. काही दिवस आकडा चढत गेला, १ टक्का, २ टक्के, ३.१ टक्के. आणि मग एका आठवड्यात सगळं शांत. ज्यांनी ते फॉरवर्ड केलं होतं त्यातले निम्मे म्हणाले, "नासाचं काही खरं नाही." उरलेले म्हणाले, "लपवतायत काहीतरी."

दोन्ही चूक. तो आकडा जसा वागला तसाच वागायला हवा होता. आणि येत्या काही वर्षांत असे आकडे आपल्या स्क्रीनवर पुन्हा पुन्हा येणार आहेत. म्हणून हे प्रकरण नीट समजून घेऊ.

आधी घडलं काय ते पाहू. २७ डिसेंबर २०२४ ला चिलीमधल्या ॲटलस दुर्बिणीला एक नवा लघुग्रह दिसला. नाव पडलं २०२४ वायआर४. गंमत म्हणजे, दोनच दिवसांपूर्वी, म्हणजे २५ डिसेंबरला, तो पृथ्वीपासून सुमारे ८ लाख २९ हजार किलोमीटरवरून गेलासुद्धा होता. हे अंतर चंद्राच्या दुपटीहून जास्त आहे, त्यामुळे धोका नव्हता. पण तो जवळ येईपर्यंत दिसलाच नाही, कारण तो पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूने, सूर्याच्या उजेडातून आला. रात्री आकाश बघणाऱ्या दुर्बिणींना तिकडचं काही दिसत नाही. २०१३ साली रशियातल्या चेल्याबिन्स्कवर फुटलेला सुमारे २० मीटरचा दगडही असाच सूर्याच्या बाजूने आला होता. त्या वेळी दीड हजाराच्या आसपास लोक जखमी झाले, त्यातले बरेचसे खिडक्यांच्या फुटलेल्या काचांमुळे.

वायआर४ पुढे २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीच्या जवळून जाणार, असं गणित निघालं. जवळून म्हणजे किती जवळून, हे मात्र नक्की सांगता येत नव्हतं. जानेवारी संपता संपता धडकेची शक्यता १ टक्क्याच्या वर गेली. टोरिनो मापनपट्टी ० ते १० अशी असते, त्यावर त्याला ३ मिळाले. १८ फेब्रुवारीला नासाचा आकडा ३.१ टक्के होता. एवढ्या आकाराच्या लघुग्रहासाठी आजवर नोंदलेली ही सर्वात मोठी शक्यता. दुसऱ्याच दिवशी तो दीड टक्क्यावर आला, मग ०.२८, आणि २४ फेब्रुवारीला ०.००४ टक्के. खेळ खल्लास.

लाइव्ह लोकेशन आणि चहाची टपरी

आता मुख्य प्रश्न. लघुग्रह धडकणारच नव्हता, तर आकडा आधी वाढला का?

फोनवरचा नकाशा उघडा. इमारतीच्या आत असाल तर निळ्या ठिपक्याभोवती एक मोठं फिकट वर्तुळ दिसतं. फोन म्हणत असतो, "तू यात कुठेतरी आहेस, नेमका कुठे ते मला माहीत नाही." बाहेर आलात, सिग्नल चांगला मिळाला की वर्तुळ आकसतं. तुम्ही हलला नाहीत, फोनची माहिती सुधारली.

आता समजा मित्राने लाइव्ह लोकेशन पाठवलंय. सिग्नल खराब आहे, त्यामुळे तो एका सरळ रस्त्यावर १ किलोमीटरच्या पट्ट्यात कुठेही असू शकतो. त्याच पट्ट्यात चहाची एक टपरी आहे, १० मीटर रुंद. मित्र टपरीवर असण्याची शक्यता किती? ढोबळ मानाने १ टक्का. थोड्या वेळाने सिग्नल सुधारला, पट्टा ३०० मीटरचा झाला आणि टपरी अजून त्यातच आहे. आता शक्यता ३ टक्क्यांच्या वर. मित्र टपरीच्या जवळ सरकला का? अजिबात नाही. पट्टा लहान झाला, टपरी तेवढीच राहिली, म्हणून टपरीचा वाटा वाढला. मग पट्टा आणखी आकसला आणि एका क्षणी टपरी पट्ट्याच्या बाहेर पडली. शक्यता थेट शून्य.

वायआर४ चं अगदी हेच झालं. २०३२ मध्ये तो कुठे असेल याचा अंदाज सुरुवातीला लाखो किलोमीटर लांब पट्ट्यासारखा होता आणि पृथ्वी, म्हणजे जेमतेम १२,७४२ किलोमीटर व्यासाची टपरी, त्या पट्ट्यात कुठेतरी होती. दुर्बिणींनी रोज नवी निरीक्षणं दिली, पट्टा लहान झाला, आकडा चढला. मधे पौर्णिमा आली आणि चंद्राच्या उजेडात एवढा अंधुक ठिपका पाहणं अवघड झालं. चंद्र सरला, पुन्हा चांगली निरीक्षणं मिळाली, आणि पृथ्वी पट्ट्याबाहेर गेली.

इथे एक गोष्ट बातम्यांमधून पूर्ण सुटली. लघुग्रह खरोखर धडकणारा असता, तरी सुरुवातीचे आठवडे असेच दिसले असते. १ टक्का, २, ३. फरक पुढे पडला असता: आकडा पडण्याऐवजी २०, ५०, १०० असा गेला असता. म्हणजे ३ टक्क्यांवर असताना शास्त्रज्ञालाही माहीत नसतं की आपण कोणत्या गोष्टीत आहोत. त्याला एवढंच माहीत असतं की अशा ३२ पैकी ३१ गोष्टी शून्यावर संपतात.

१०० पर्यंत गेलेला आकडाही आहे बरं का. ६ ऑक्टोबर २००८ ला २००८ टीसी३ नावाचा, जेमतेम चार मीटरचा दगड दिसला. काही तासांत गणित निघालं की हा उद्या सुदानवर येतोय. आला. वातावरणातच फुटला, आणि पुढे त्याचे तुकडे नुबियाच्या वाळवंटात सापडलेसुद्धा. पद्धत तीच, फक्त या वेळी टपरी पट्ट्यातून बाहेर पडली नाही.

मग मुंबईचं काय?

त्या नकाशातला लाल पट्टा खोटा नव्हता. पूर्व प्रशांत महासागर, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र, दक्षिण आशिया, हा धोक्याचा पट्टा अधिकृत माहितीतूनच आला होता. खोटा होता तो त्याचा अर्थ. ३.१ टक्के ही शक्यता त्या अख्ख्या पट्ट्याची होती, मुंबईची नव्हती.

आपणच ढोबळ हिशेब करू. पट्टा कमीत कमी १५ हजार किलोमीटर लांब धरू. स्फोटाचं नुकसान ५० किलोमीटरपर्यंत पोचू शकेल असा तेव्हाचा अंदाज होता, म्हणजे एका शहराला धोका देणारा पट्ट्याचा भाग सुमारे १०० किलोमीटरचा. १५ हजारांतले १०० म्हणजे दीडशेवा भाग. ३.१ टक्क्यांचा दीडशेवा भाग केला की उरतात ०.०२ टक्के, म्हणजे साधारण पाच हजारांत एक. तेही आकडा सर्वात जास्त होता त्या दिवशी. हा भागाकार फोनच्या कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदांत होतो. थंबनेलमध्ये गेटवेवर पडणारा आगीचा गोळा बनवायला त्याहून नक्कीच जास्त वेळ लागला असणार.

आकाराचीही तीच गत. बातम्यांत '४० ते ९० मीटर' असं यायचं, आणि ऐकताना हा फरक दुपटीचा वाटतो. पण व्यास सव्वादोन पट झाला की आकारमान अकरा पट होतं, आणि स्फोटाची ताकद वस्तुमानावर ठरते. नेमका आकार का कळत नव्हता? कारण दुर्बिणीला फक्त परावर्तित प्रकाश दिसतो. कोळशासारखा काळा मोठा दगड आणि चुन्यासारखा पांढरा छोटा दगड, दोन्ही लांबून सारखेच चमकतात. मार्च २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने त्याची उष्णता अवरक्त किरणांत मोजली आणि व्यास निघाला सुमारे ६० मीटर. १९०८ मध्ये सायबेरियात तुंगुस्का इथे दोन हजार चौरस किलोमीटरवरचं जंगल आडवं करणारा दगड साधारण याच गटातला मानतात. त्यामुळे भीती अगदीच निराधार होती असंही म्हणता येणार नाही. आणि दगड पडतात याचा पुरावा महाराष्ट्राला बाहेर शोधायला नको, बुलडाणा जिल्ह्यात लोणारचं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आहेच.

हे पुन्हा का होणार?

कारण डोळे वाढतायत. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने २३ जून २०२५ ला पहिली छायाचित्रं दाखवली. फक्त दहाएक तासांच्या निरीक्षणात तिला २,१०४ नवे लघुग्रह सापडले, त्यातले सात पृथ्वीजवळून फिरणारे, धोका कुणाचाच नाही. पुढे नासाची निओ सर्व्हेयर ही अवरक्त दुर्बीण अवकाशात जायची आहे. लघुग्रह वाढलेले नसतील, आपल्याला दिसणारे वाढतील. प्रत्येक नव्या लघुग्रहाचा अंदाज मोठ्या पट्ट्यानेच सुरू होणार, आणि अधूनमधून एखादा पट्टा पृथ्वीवरून जाणार.

माझ्या मते खरा धोका 'लांडगा आला रे आला' हा आहे. पाच वेळा आकडा चढून पडला की सहाव्या वेळी कुणी लक्ष देणार नाही. आणि लवकर लक्ष देण्याचा उपयोग आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाच्या डार्ट यानाने डायमॉर्फोस या छोट्या लघुग्रहाला धडक दिली, तेव्हा त्याच्या एका फेरीचा वेळ तब्बल ३२ मिनिटांनी कमी झाला. दगड ढकलता येतो, पण त्यासाठी हातात वर्षं लागतात, आठवडे नाही.

पुढच्या वेळी असा स्क्रीनशॉट आला तर त्यावर तारीख आहे का ते आधी बघा. हे आकडे रोज बदलतात, त्यामुळे तारीख नसलेली टक्केवारी म्हणजे तारीख नसलेलं रेल्वेचं तिकीट. नासाचा सेंट्री तक्ता सगळ्यांसाठी खुला आहे, फोनवरही उघडतो. ज्यांना 'लपवतायत' असं वाटतं त्यांना हीच लिंक पाठवा. ३.१ टक्के हा आकडा तिथेच जाहीर झाला होता.

वायआर४ ची गोष्ट मात्र तिथेच संपली नाही. पृथ्वी पट्ट्यातून सुटली, पण चंद्र मात्र २०२६ पर्यंत पट्ट्यात राहिला, मग तोही सुटला. जून २०२५ मध्ये, वेबची निरीक्षणं धरून, २२ डिसेंबर २०३२ ला तो चंद्रावर आदळण्याची शक्यता ३.८ वरून ४.३ टक्क्यांवर गेली. हो, वाढली. का वाढली ते आता तुम्हाला माहीत आहे. तो पुन्हा पृथ्वीजवळ येईल २०२८ मध्ये, तेव्हा जमिनीवरच्या दुर्बिणींनाही दिसेल.