रंगाखालचा इतिहास : जुने लष्करी ट्रक आणि ‘मूळ रूपा’चा आग्रह

१/ दुसऱ्या महायुद्धातले लष्करी ट्रक मिळवून, त्यांचा खिळा अन् खिळा सुटा करून, ते पुन्हा रस्त्यावर आणण्याचा छंद अमेरिकेत आणि युरोपात चांगलाच रुजला आहे. दर जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यालगतच्या गावांतून अशा गाड्यांच्या रांगा निघतात. या छंदाचा परवलीचा शब्द आहे ‘मूळ रूप’ : कारखान्यातून बाहेर पडताना गाडी जशी होती, तशीच ती आज दिसली पाहिजे. हा शब्द वाटतो तितका निरुपद्रवी नाही. हा धागा त्याविषयी.

२/ उदाहरणादाखल एकच ट्रक पुरेसा आहे : जीएमसी सीसीकेडब्ल्यू. नावातली अक्षरे ही कंपनीची सांकेतिक भाषा. पहिला ‘सी’ १९४१ सालच्या आराखड्याचा, दुसरा ‘सी’ नेहमीच्या धाटणीच्या केबिनचा, ‘के’ म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर, आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलना. सैनिक त्याला लाडाने ‘जिमी’ म्हणत. १९४१ ते १९४५ या काळात असे साडेपाच लाखांहून अधिक ट्रक तयार झाले.

३/ या ट्रकमध्ये दुर्मीळ असे काहीच नव्हते. सहा सिलिंडरांचे, २७० घनइंचांचे, म्हणजे सुमारे ४.४ लिटरचे पेट्रोल इंजिन. सहा व्होल्टची वीजयंत्रणा. तीन अ‍ॅक्सल आणि दहा चाके. खडबडीत जमिनीवर अडीच टन वाहून नेण्याची त्याची क्षमता ठरवलेली होती. पक्क्या रस्त्यावर त्याहून कितीतरी अधिक माल चढवला जाई. बिघाड झाला, तर साध्या हत्यारांनी रस्त्याच्या कडेलाच तो दूर करता यावा, ही त्याच्या रचनेमागची दृष्टी.

४/ त्याची खरी परीक्षा १९४४ च्या उन्हाळ्यात झाली. नॉर्मंडीतली कोंडी फुटल्यावर दोस्त फौजा अपेक्षेपेक्षा फार वेगाने पुढे सरकल्या आणि रसद मागे राहिली. फ्रान्सची रेल्वे दोस्तांच्याच विमानांनी चढाईपूर्वी उद्ध्वस्त केली होती. २५ ऑगस्टला ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ सुरू झाली : सेंट लोपासून शार्त्रकडे जाण्याचा एक रस्ता, परतण्याचा दुसरा, दोन्ही एकेरी आणि नागरी वाहतुकीला बंद.

५/ २९ ऑगस्टला ५,९५८ वाहनांनी एका दिवसात १२,३४२ टन माल पोहोचवला. १६ नोव्हेंबरला ही व्यवस्था थांबली, तोवर चार लाख टनांहून अधिक रसद पुढे गेली होती. पेट्रोल, दारूगोळा, शिधा : सैन्याचा प्रत्येक दिवस या चाकांवर उभा होता. रणगाडे पॅटनचे असतील. त्यांच्या टाकीतले इंधन मात्र जिमीने आणलेले होते.

६/ नियमाने वेग ताशी २५ मैल आणि दोन गाड्यांमध्ये ६० यार्डांचे अंतर ठेवायचे होते. प्रत्यक्षात चालकांनी वेग रोखणारे गव्हर्नर काढून टाकले. जादा भाराने टायर फाटत, रस्त्यात फेकलेल्या शिध्याच्या डब्यांनी ते पंक्चर होत, स्प्रिंगचे पाटे तुटत. एका मोडलेल्या गाडीचे भाग दुसरीला चढवले जात. कारखान्यातला ‘मूळ’ ट्रक काही आठवड्यांतच उरला नव्हता; उरला होता तो दुरुस्त्यांनी घडलेला.

७/ हे ट्रक चालवणारे कोण होते? रेड बॉलच्या चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय अमेरिकन होते. तेव्हाच्या अमेरिकी सैन्यात वर्णभेद हा अधिकृत नियम होता. कृष्णवर्णीयांच्या तुकड्या वेगळ्या असत आणि त्यांतल्या बहुतेकांना लढाईऐवजी वाहतूक, बांधकाम, हमाली अशी कामे दिली जात. सैन्यातील समान वागणुकीचा अध्यक्ष ट्रुमन यांचा आदेश निघाला तो २६ जुलै १९४८ रोजी, युद्ध संपून तीन वर्षे होत आली तेव्हा.

८/ आता आजचा, नव्या रंगाने चकाकणारा ट्रक पाहावा. दारावर पांढरा तारा, बॉनेटवर ४ या आकड्याने सुरू होणारा लष्करी क्रमांक आणि बंपरवर तुकडीची खूण. ही खूण पुष्कळदा मालकाच्या आवडीने ठरते, आणि आवड साहजिकच चित्रपटांतून गाजलेल्या छत्रीधारी किंवा रणगाडा डिव्हिजनकडे झुकते. क्वार्टरमास्टर ट्रक कंपनीचा रुक्ष क्रमांक रंगवावासा वाटणारे थोडे. अशा रीतीने ज्यांनी ट्रक चालवला, ते त्याच ट्रकवरून दुसऱ्यांदा पुसले जातात.

९/ यात कुणाचा दुष्ट हेतू नसतो. छंदिष्ट माणूस स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या रविवारी, सरकारी संग्रहालयांना परवडणार नाही असे काम करतो. त्याच्याविना यातले बहुतेक ट्रक भंगारात गेले असते. म्हणूनच त्याच्याकडून अधिक अपेक्षा ठेवणे रास्त आहे. जो वस्तू वाचवतो, तोच तिचा साक्षीदारही ठरतो.

१०/ पुराव्याचा प्रश्न तर आणखी गंभीर आहे. युद्धानंतर हे ट्रक युरोपातल्या सैन्यांत गेले. तिथून शेतांवर, लाकडाच्या वखारींत, अग्निशमन दलांत. प्रत्येक मालकाने रंगाचा एक थर चढवला, कुठे पत्रा वेल्ड केला, कुठे नवा क्रमांक लिहिला. वाळूचा मारा करून पत्रा उघडा केला, की हे सारे तासाभरात धूळ होते. पुराभिलेखागारातले कागद जाळण्यासारखेच हे आहे. फरक इतकाच, की नंतर सगळे टाळ्या वाजवतात.

११/ यावर रास्त आक्षेप असा, की गंज काढला नाही तर गाडीच उरणार नाही. खरे आहे. पण गंज काढण्यापूर्वी बारीक पॉलिशपेपरने एकेक थर उलगडत खालचे आकडे वाचता येतात, त्यांची छायाचित्रे घेता येतात, दाराच्या आतल्या बाजूला हातभर जागा जशीच्या तशी राखता येते. याला लागतो तो थोडा वेळ. वर्षानुवर्षे खपणाऱ्या माणसाकडे तेवढा असतोच.

१२/ शिवाय पूर्ण ‘मूळ रूप’ कुणीच पाळत नाही, पाळूही नये. त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. ब्रेकची यंत्रणा एकाच नळीमार्गाची. एका चाकाचा सिलिंडर फुटला तर सगळे ब्रेक जातात. रिमवरची लॉक रिंग नीट बसली नाही, तर हवा भरताना ती उडून जीव घेऊ शकते. आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल जुने रबर कुरतडते. म्हणजे प्रत्येक मालक काही बदल पत्करतोच. प्रश्न एवढाच, की तो ते लिहून ठेवतो का.

१३/ या ट्रकचा अस्सल वारसा शोधायचाच, तर तो रंगाच्या छटेपेक्षा देखभालीच्या शिस्तीत सापडतो. टीएम ९-८०१ ही त्याची अधिकृत पुस्तिका गाडी सुरू करण्यापूर्वी, वाटेत आणि काम संपल्यावर काय तपासावे हे सांगते. ‘आर्मी मोटर्स’ या लष्करी नियतकालिकासाठी व्यंगचित्रकार विल आयस्नर यांनी ‘जो डोप’ हा गबाळा सैनिक रंगवला. त्याच्या फजितीतून हजारो तरुणांना कळावे, की ग्रीस वेळेवर न घालणे म्हणजे शत्रूला केलेली मदत.

१४/ हा ट्रक उभा ठेवला की बिघडतो. सील सुकतात, व्हील सिलिंडर गंजतात, टाकीतले पेट्रोल चिकट होते. म्हणून त्याला चालवणे हेही जतनच आहे. ज्या गाडीचे एक-दोनच नमुने उरले, ती संग्रहालयात निवांत राहावी. लाखोंनी बनलेली जिमी मात्र रस्त्यावर शोभते. तिचा आवाज, क्लचचा जडपणा, चढावर गियर बदलताना लागणारी कसरत हीसुद्धा माहितीच असते, आणि ती काचेच्या पलीकडून मिळत नाही.

१५/ भारताला ही कथा परकी नाही. आसामातील लेडोहून निघालेला रस्ता ब्रह्मदेश ओलांडून चीनपर्यंत नेला गेला. १२ जानेवारी १९४५ रोजी ११३ वाहनांचा पहिला ताफा लेडोहून निघाला आणि ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोहोचला. तो रस्ता बांधणाऱ्या अमेरिकी सैनिकांतही कृष्णवर्णीयांचाच भरणा अधिक होता. त्यांच्या बरोबरीने हजारो स्थानिक मजूर राबले. त्यांची नावे तर कुठल्याच बंपरवर नव्हती.

१६/ भारतात २०२१ साली आलेल्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना ‘विंटेज’ ही ओळख दिली. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी आणि तिच्यात मोठा फेरबदल झालेला नसावा. दहा चाकांच्या ट्रकला या व्याख्येत जागाच नाही. आणि ‘फेरबदल नको’ ही अट घरात जपलेल्या मोटारीला लागू पडेल. ज्याचे आयुष्यच फेरबदलांत गेले, त्या लष्करी ट्रकसाठी वेगळी मोजपट्टी हवी.

१७/ ती मोजपट्टी सोपी आहे. गाडीसोबत एक वही असावी : काय सापडले, काय बदलले, का बदलले. ट्रकची युद्धकाळातली तुकडी पुराव्याने ठाऊक असेल तर तिचीच खूण रंगवावी, मग ती कितीही अप्रसिद्ध असो. ठाऊक नसेल तर बंपर कोरा ठेवावा. त्या कोऱ्या जागेकडे बोट दाखवून एखादे मूल विचारीलच, की हा ट्रक कुणाचा होता. उत्तर द्यायला मालकाला सेंट लो ते शार्त्रचा रस्ता आणि त्यावर रात्रंदिवस चाक धरून बसलेली माणसे सांगावी लागतील.