नवा गेको आणलात? तीन महिने त्याला वेगळा ठेवा

तुडील आणि महाड-पोलादपूर परिसरात गेको, म्हणजे पालीच्या कुळातला प्राणी, पाळणाऱ्या, किंवा पाळायच्या विचारात असलेल्या सर्वांना कळकळीची विनंती आहे. मुंबई-पुण्यातली ही हौस सुट्टीला येणाऱ्या मुलांबरोबर गावापर्यंत यायला वेळ लागत नाही. म्हणून हे आत्ताच सांगतो आहे.

नवा गेको जुन्याच्या पेटीत सोडू नका. एका रात्रीपुरताही नाही. निदान तीन महिने त्याची पेटी वेगळ्या खोलीत असू द्या.

याचं मुख्य कारण क्रिप्टोस्पोरिडियम हा आतड्यातला परजीवी. लेपर्ड गेको शेपटीत चरबी साठवतो. हा रोग जडला की तो खाल्लेलं ओकतो, पातळ विष्ठा करतो आणि ती गुबगुबीत शेपूट काडीसारखी होते. खात्रीने बरं करणारं औषध आजही नाही. त्यातून काही गेको महिनोन्महिने ठणठणीत दिसतात आणि विष्ठेतून रोग पसरवत राहतात. दुकानात तो टुणटुणीत दिसला, एवढ्यावर विसंबू नका. एकदा विष्ठा तपासून काही सापडलं नाही तरी निर्धास्त होऊ नका, कारण परजीवी प्रत्येक वेळी विष्ठेत उतरतोच असं नाही. तपासणी काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करून घ्या. जवळपास पालींवर उपचार करणारे पशुवैद्य मिळाले नाहीत, तर परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा.

या काळात पेटीत वाळू, माती, लाकूड नको. साधा कोरा कागद अंथरा, म्हणजे विष्ठा लगेच दिसते आणि कागद रोज बदलता येतो. लपायला एक डबा, पाण्याची वाटी, एवढं पुरे. जुन्या गेकोंचं खाणंपिणं आधी उरका, नव्याचं सगळ्यात शेवटी. चिमटा, वाटी, फडकं त्याचं वेगळं. त्याच्या पेटीत उरलेले रातकिडे दुसऱ्या पेटीत टाकू नका. रोग त्यांच्याबरोबरही जातो. या परजीवीला साधं ब्लीच पुरत नाही, म्हणून भांडी उकळत्या पाण्यातून काढून कडकडीत वाळवा. दर आठवड्याला वजन करून वहीत लिहा. फवारणी झालेल्या शेतातले नाकतोडे खायला घालू नका.

हात साबणाने धुवा, प्रत्येक वेळी. 2014-15 मध्ये अमेरिकेतल्या 17 राज्यांत 22 जणांना पाळीव क्रेस्टेड गेकोंमुळे साल्मोनेला या जिवाणूची लागण झाली होती. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं यांना गेकोपासून दूर ठेवा. त्याची भांडी स्वयंपाकघरातल्या मोरीत कधीच धुवू नका.

आता जोडी लावण्याविषयी. तीन महिने पुरे होऊन तपासण्या स्वच्छ येईपर्यंत तो विचारही नको. मादी वर्षाची झालेली, अंगाने भरलेली हवी. एका वेळी दोनच अंडी असली तरी हंगामात ती अनेकदा घालते आणि कॅल्शियम कमी पडलं तर खंगते. अंडी कोणत्या तापमानाला उबवली त्यावर पिल्लू नर की मादी हे ठरतं: साधारण 26 अंशांना बहुतेक माद्या, 32 च्या आसपास बरेचसे नर. आपल्याकडे ऐन पावसात वीज तासन्‌तास जाते. लेपर्ड गेको मूळचा अफगाणिस्तान-पाकिस्तानकडच्या कोरड्या मुलखातला, आणि आपली आषाढातली हवा भिंतींनाही पाझर फोडणारी. विजेची पर्यायी सोय नसेल तर पैदाशीच्या फंदात पडू नका.

रंगाच्या मोहात तर मुळीच पडू नका. ‘लेमन फ्रॉस्ट’ या पिवळ्याधमक वाणाला मोठी मागणी होती. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की, ज्या जनुकाने हा रंग येतो त्यानेच कातडीत गाठी होतात, आणि हा वाण असलेल्या 80 टक्क्यांहून अधिक गेकोंना त्या होतात. ‘एनिग्मा’ वाणाच्या गेकोंचा तोल जातो, ते गोल गोल फिरत राहतात. अशी पिल्लं जन्माला घालणं हा माझ्या मते सरळसरळ छळ आहे.

कायदाही पाहा. डे गेकोसारख्या, वन्यजीव-व्यापारावरच्या सायटीस कराराच्या यादीतल्या परदेशी जाती बाळगणाऱ्यांना 2024 च्या नियमांनुसार 30 दिवसांच्या आत ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात. पावती न देणाऱ्याकडून प्राणी घेऊच नका. सह्याद्रीच्या कड्याकपारीतली पाल पकडून आणणं तर दूरच राहो. तिथल्या काही जाती एखाद्या पठारापुरत्याच आढळतात.

आणि कंटाळा आला, प्राणी आजारी पडला, म्हणून तो सावित्रीकाठी किंवा रानात सोडू नका. त्याचा रोग आपल्या रानातल्या पालींना लागू शकतो. सांभाळणं जमत नसेल तर पशुवैद्य किंवा वनखात्याशी बोला. ज्यांच्या घरी या आठवड्यात नवा गेको आला असेल, त्यांनी आजच्या आज त्याची पेटी वेगळी करावी.