ज्याच्यासाठी वर्गणी, तोच मांडवाबाहेर!

यंदाच्या गॅदरिंगमध्ये साडी डे, ट्रॅडिशनल डे, फिशपॉन्ड या नेहमीच्या यशस्वी कलाकारांबरोबर एक नवीन आयटम होता. 'माझा लाडका प्राणी' फोटो स्पर्धा! प्रवेश फी 50 रुपये, एका मताला 10 रुपये, आणि जमलेले सगळे पैसे गावाबाहेरच्या प्राण्यांच्या निवाऱ्याला. आयडिया झकास! ड्रॉइंग हॉलबाहेर पाच दिवस गर्दी होती. कधी नव्हे ते मेकॅनिकलवाले आणि कॉम्प्युटरवाले न भांडता एका जागी उभे दिसले. आयोजकांचं मनापासून अभिनंदन. पण कौतुक करून झाल्यावर काही गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात.

पहिली गोष्ट. भाग कोणी घेतला? ज्यांचं घर याच शहरात आहे आणि घरी लॅब्रॅडॉर, पग किंवा पर्शियन मांजर आहे त्यांनी. आम्हा हॉस्टेलवाल्यांकडे पाळीव प्राणी म्हणजे ढेकूण आणि पाल! शिवाय मत पैशाने मिळत असल्यामुळे ज्याचा ग्रुप मोठा त्याचा कुत्रा सुंदर ठरला. पहिल्या आलेल्या गोल्डन रिट्रीव्हरबद्दल माझी काहीच तक्रार नाही, गोडच आहे तो. पण एनएसएसबरोबर मी त्या निवाऱ्यात गेले होते. तिथे गाडीखाली पाय गेलेली, खरूज झालेली, म्हातारपणी मालकाने सोडून दिलेली जनावरं आहेत. बोर्डावर त्यांच्यातल्या एकाचाही फोटो नव्हता.

आपल्याच महाराष्ट्रात हेमलकशाचं उदाहरण आहे. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी 1973 साली तिथे काम सुरू केलं. शिकारीत मारलेल्या माकडिणीला चिकटलेलं पिल्लू त्यांनी मागून घेतलं आणि तिथून प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. पुढे बिबटे आले, अस्वलं आली, तरसंही आली. आता सांगा, आपल्या बोर्डावर तरसाला किती मतं पडली असती? पण भूक तर त्यालाही लागतेच ना!

दुसरी गोष्ट पैशांची. इलेक्ट्रिकलच्या मित्रांना पीक लोड आणि बेस लोड समजावून सांगायला नको. आपली स्पर्धा म्हणजे पीक लोड, पाच दिवसांचा. निवाऱ्याला लागतो बेस लोड. तांदूळ, औषधं, पट्ट्या बांधणाऱ्या माणसाचा पगार, हे सगळं परीक्षेच्या काळातही लागतं. मुंबईच्या जुन्या लोकांना हे बरोब्बर कळलं होतं. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून 1832 मध्ये मुंबईत दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभाय आणि इतर व्यापाऱ्यांनी पांजरपोळ काढली. तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर थोडी थोडी लाग ठरवून घेतली. धंदा चालू, की पांजरपोळीचं पोट भरलं! बक्षीस नाही, स्टेज नाही.

आता कोणी म्हणेल, आपल्याला काय त्याचं? तर नोव्हेंबर 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आठवा. शिक्षणसंस्था, हॉस्पिटलं, बस आणि रेल्वे स्टेशनांच्या आवारातली भटकी कुत्री उचलून, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवा आणि परत तिथेच सोडू नका, असं त्यात म्हटलं होतं. त्याआधीच्या, म्हणजे 2001 च्या आणि 2023 च्या नियमांत नसबंदीनंतर कुत्रं त्याच्याच जागी परत सोडायचं असं होतं. म्हणजे मेसमागची आपली काळी, जिला शिळ्या पोळ्या घालून चार बॅचेस पास झाल्या, ती उद्या तिथेच जाऊ शकते. निवारा ही आता 'त्यांची' गोष्ट राहिलेली नाही.

ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते त्यांचंही मला पटतं. रात्री लायब्ररीतून येताना मागे चार कुत्री लागली की भूतदया वगैरे कुठल्या कुठे पळते! पण त्याचाही उपाय दगड नाही, लस आणि नसबंदी हाच आहे. आणि त्यालाही पैसे लागतात, तेही दरवर्षी.

म्हणून पुढच्या वर्षीसाठी माझ्या तीन सूचना. एक, बिनमालकाच्या प्राण्यांचा वेगळा विभाग ठेवा, प्रवेश फी शून्य. दोन, निवाऱ्यातल्या प्राण्यांचे फोटो त्याच बोर्डावर लावा आणि प्रत्येकाखाली त्याचा महिन्याचा खर्च लिहा. तीन, सगळ्यात महत्त्वाची. ज्यांची इच्छा असेल त्यांनी मेसबिलाबरोबर महिन्याला 10 रुपये द्यावेत. तीनशे जणांनी दिले तरी महिन्याचे 3000 आणि वर्षाचे 36,000 होतात. हिशोब नोटीस बोर्डावर लावायचा, म्हणजे कोणाला शंका नको. स्टाफनेही यात सामील व्हावं ही नम्र विनंती.

महिन्याला 10 रुपये म्हणजे कँटीनचा एक कटिंग चहा हो! बघा, पटतंय का. पटलं तर रेक्टर सरांकडे अर्ज घेऊन जायला मी तयार आहे, फक्त सह्या तेवढ्या हव्यात.